बाळाला जुलाब-उलट्या होत असताना अंगावर पाजणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी नव्या आयांना अंगावर पाजायला शिकवणं हे माझं रोजचं काम. पावसाळ्याचं पहिलं गढूळ पाणी नळाला आलं की, आणि पुन्हा डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, माझा फोन जास्त वाजतो. पलीकडून रडवेला आवाज येतो, "ताई, सकाळपासून सात वेळा शी झालीये. पाजू का नको?" गेली कित्येक वर्षं येणारे हेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बाळाला तपासायचं काम डॉक्टरांचं आहे, ते हे वाचून होणार नाही. पण डॉक्टरांकडे पोचेपर्यंत आणि तिथून घरी आल्यावर काय करायचं, ते यात सापडेल.

बाळाला जुलाब लागलेत. अंगावरचं दूध बंद करायचं का?

नाही. एका वेळचंही नाही. उलट एरवीपेक्षा जास्त वेळा आणि जास्त वेळ पाजा, रात्रीसुद्धा.

जुलाबात बाळाच्या शरीरातून पाणी आणि क्षार निघून जातात. आजारापेक्षा या कोरडं पडण्याचा धोका मोठा असतो. आईच्या दुधात पाणी आहे, क्षार आहेत, ताकद देणारी साखर आणि स्निग्धांश आहे. शिवाय ते इतकं हलकं असतं की पोटात फार वेळ थांबत नाही. दीड-दोन तासांत पचून पुढे जातं. आणखी एक गोष्ट मला आयांना सांगायला फार आवडते. ज्या जंतूंनी घरात शिरकाव केलेला असतो, ते बहुतेक वेळा आईच्याही पोटात गेलेले असतात. आईचं आतडं त्यांना ओळखतं, त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या पेशी तिथून स्तनांपर्यंत पोचतात आणि नेमक्या त्याच जंतूंना अडवणारी प्रतिपिंडं दुधात उतरतात. ही प्रतिपिंडं बाळाच्या आतड्याला आतून लेप लावल्यासारखी बसतात. असं औषध कुठल्याच बाटलीत मिळत नाही.

माझी मुलगी आठ महिन्यांची असताना तिला असाच त्रास झाला. ज्या दवाखान्यात नेलं तिथे सांगितलं, "चोवीस तास दूध बंद, फक्त ग्लुकोजचं पाणी." मी तेव्हा या कामात नव्हते, मुकाट्यानं ऐकलं. ती रात्रभर माझ्या गाऊनचं बटण मुठीत धरून रडत होती, आणि माझा गाऊन भिजत होता. सकाळी तिचे ओठ सुकलेले. दुसऱ्या डॉक्टरांकडे नेल्यावर त्यांनी आधी तिला अंगावर घ्यायला लावलं आणि मग स्टेथोस्कोप उचलला. ती रात्र मी विसरलेले नाही. म्हणूनच हे सगळं लिहिते आहे.

सासूबाई म्हणतात, दूधच बाधलंय. मी परवा वांग्याची भाजी खाल्ली होती.

वांग्यानं बाळाला जुलाब होत नाहीत. आईच्या जेवणातून बाळाच्या पोटात जंतू जात नाहीत. जंतू येतात ते न धुतलेल्या हातांतून, बाटलीच्या बुचातून, गुटीच्या सहाणेवरून, वरच्या पाण्यातून आणि जमिनीवर पडून पुन्हा तोंडात गेलेल्या खुळखुळ्यातून.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्याही जिवाची घालमेल होत असते. त्यांना दुसरं काम द्या: पाणी उकळून गार करायचं, ओआरएस (जलसंजीवनी) कालवायचं, तुम्हाला गरम जेवण वाढायचं. या दिवसांत आईला पथ्याच्या नावाखाली पेजेवर ठेवणं सर्वांत वाईट. पाजणारी आई पोटभर जेवली पाहिजे आणि तहानेप्रमाणे पाणी प्यायली पाहिजे.

हे जुलाबच आहेत कशावरून? माझं बाळ एरवीही दिवसातून सात-आठ वेळा शी करतं.

फक्त अंगावर पिणाऱ्या लहान बाळाची शी पिवळीधमक, पातळसर आणि मोहरीच्या दाण्यासारखे कण असलेली असते. पहिल्या काही आठवड्यांत प्रत्येक पाजण्यानंतर झाली तरी ते जुलाब नव्हेत. बाळ हसतंय, वजन वाढतंय, लंगोट लघवीनं ओले होताहेत, तर काळजी नको.

नेहमीपेक्षा वेगळं झालं की जुलाब समजा. म्हणजे शी अचानक पाण्यासारखी झाली, दुपट्यात पूर्ण मुरून नुसता डाग उरला, वास बदलला, वेळा एकदम वाढल्या. तुमच्या बाळाचं नेहमीचं काय, हे तुमच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. तुम्हाला वेगळं वाटलं तर ते वेगळं आहे, असं धरून चाला.

पाजलं की दहा मिनिटांत सगळं ओकतं. मग पाजून काय उपयोग?

"सगळं" बाहेर आलेलं नसतं. कपड्यावर पसरलं की दोन चमचे दूधही वाटीभर दिसतं. खात्री करायची तर दोन चमचे पाणी जुन्या दुपट्यावर ओतून बघा. मी आयांना हे करून दाखवते, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसतो.

उलट्या चालू असताना एकदम पोटभर पाजण्याऐवजी थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पाजा. पाच मिनिटं पाजून थांबा, बाळाला खांद्यावर उभं धरा, थोड्या वेळानं पुन्हा घ्या. छाती खूप भरलेली असेल आणि पान्हा जोरात येत असेल तर आधी हातानं थोडं दूध वाटीत काढा आणि मग तोंडी द्या. धार मंद झाली की बाळाच्या पोटाला सोसवतं. काही बाळं अशा वेळी जवळजवळ रिकाम्या छातीवर चोखत पडून राहतात. तेही चांगलंच आहे, थेंब थेंब पोटात जातो आणि जीव शांत होतो.

बहुतेक बाळांच्या उलट्या एक-दोन दिवसांत थांबतात. जुलाब मात्र पाच-सात दिवस चालू शकतात. एवढं माहीत असलं की तिसऱ्या दिवशी घाबरून दूध तोडायची वेळ येत नाही. पण उलटी हिरवी आली, तिच्यात रक्त दिसलं, किंवा पोटात थेंबही टिकत नसेल, तर घरी थांबू नका.

बाळ तोंडच लावत नाहीये. मलूल पडून आहे.

या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत आणि ती वेगळी ठेवायला हवीत.

किरकिर करणारं, मान फिरवणारं पण डोळे उघडून बघणारं बाळ असेल तर त्याला उघड्या अंगानं तुमच्या छातीशी घ्या, पांघरूण घाला, खोलीत अंधार करा. अर्धवट झोपेत बरीच बाळं आपणहून चोखू लागतात. तरी नाही घेतलं, तर हातानं दूध काढून वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजा. तुमची छातीही दाटू देऊ नका. दूध काढलं नाही तर गाठी होतात, ताप येतो, आणि बाळ बरं होईपर्यंत दूध कमी होतं.

बाळ हाक मारून, तळपाय चोळून नीट जागं होत नसेल, चोखायची ताकदच उरली नसेल, तर दूध काढत बसू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा. वाटेतही छातीशी धरून ठेवा, पण झोपेत असलेल्या बाळाच्या तोंडात चमच्यानं काही ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

दवाखान्यात नेमकं कधी न्यायचं?

बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर पहिल्याच दिवशी. तीन महिन्यांच्या आत असून अंगात ताप असेल तर लगेच, रात्र असली तरी.

मोठ्या बाळात लघवीवर नजर ठेवा. सहा ते आठ तास लघवी नाही, म्हणजे पाणी कमी पडतंय. इथे एक अडचण येते. डायपरमध्ये पातळ शी आणि लघवी वेगळी कळतच नाही. म्हणून या दिवसांत मी सुती लंगोट वापरायला सांगते, किंवा डायपरच्या पुढच्या बाजूला कापसाची घडी ठेवायला. ती ओली झाली की लघवी झाली.

मग बाळाकडे उजेडात बघा. डोळे खोल गेलेत का? रडताना डोळ्यांत पाणी येतं का? बोट लावून बघा, तोंड आतून कोरडं, चिकट लागतं का? टाळू खाली गेली आहे का? बेंबीच्या बाजूला पोटाची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरून सोडा. ती चटकन सपाट व्हायला हवी. घडी तशीच राहून हळूहळू बसत असेल तर पाणी बरंच कमी झालंय. यातलं काहीही दिसलं, किंवा शीत रक्त दिसलं, झटके आले, पोट फुगून कडक झालं, तर त्याच क्षणी निघा. बाळ मधूनमधून पाय पोटाशी घेऊन किंचाळतंय, मध्ये गप्प होतंय, आणि शी लाल जेलीसारखी आलीये, असं असेल तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. तिथे तास-दोन तासांचाही उशीर नको.

आमच्याकडे टाळू खाली गेली की "टाळू पडली" म्हणून तेल भरतात, दृष्ट काढतात. मीठ-मोहरी उतरवायला माझी ना नाही, दोन मिनिटांचं काम आहे. पण टाळू खाली जाते ती पाणी कमी झाल्यामुळे. वरून तेल घातल्यानं ती भरून येणार नाही. आधी गाडी बोलवा.

सहा महिन्यांच्या आत पाणीसुद्धा द्यायचं नाही म्हणता. मग ओआरएस कसं चालतं?

ओआरएस, म्हणजे आपली जलसंजीवनी, हे औषध आहे. जुलाबात ते द्यायचं, पण दुधाऐवजी नाही, दुधाच्या जोडीला. दोन महिने ते दोन वर्षांच्या बाळाला दर पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, म्हणजे 50 ते 100 मिलि. एकदम नाही, चमच्याचमच्यानं. बाळ ओकलं तर दहा मिनिटं थांबा आणि मग पुन्हा, आधीपेक्षा हळू. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. बाळाचं पोट आधी ओआरएसनं भरून मग छातीला लावू नका. आधी दूध, मधल्या वेळात चमचे.

बाटली नको. बाटलीचं बूच जुलाबाच्या जंतूंचं माहेरघर असतं, आणि आजारी बाळाला सोप्या धारेची सवय लागली की ते छाती सोडू लागतं.

पुडी थोडी थोडी कालवली तर चालेल का? एक लिटर तर बाळ पिणारच नाही.

चालणार नाही. ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. एका घरी गेले तर आजी वाटीभर पाण्यात चिमूट चिमूट पावडर घालत होत्या, पुडी वाया जाऊ नये म्हणून. हेतू चांगला होता, पण पाणी जहाल खारट झालं होतं. ओआरएस दाट झालं तर बाळाच्या रक्तात मीठ वाढतं, आणि ते जुलाबापेक्षा घातक ठरू शकतं. एक लिटरच्या पुडीत मीठ, साखर आणि इतर क्षार मिळून 20.5 ग्रॅम पावडर असते. हाताच्या अंदाजानं तिचे भाग सारखे होत नाहीत.

उकळून गार केलेलं पाणी मोजून पूर्ण एक लिटर घ्या. घरात माप नसेल तर एक लिटरची पाण्याची बाटली सगळ्यांकडे असते. पूर्ण पुडी त्यात रिकामी करा, ढवळा, झाकून ठेवा. स्वतः चाखून बघा: डोळ्यांतल्या पाण्याइतकं खारट लागलं तर बरोबर, त्याहून जास्त नको. चोवीस तासांनंतर उरेल ते ओतून द्या आणि नवीन कालवा. सरकारी दवाखान्यात, आशाताईंकडे पुड्या फुकट मिळतात, त्यामुळे जीव थोडा करू नका. 200 मिलिच्या लहान पुड्याही दुकानात असतात. पुडीवर किती पाणी लिहिलंय ते वाचा, म्हणजे झालं.

या साध्या पुडीमागे मोठं काम आहे. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी (कॉलरा) पसरली आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हातून पाजायला लावलं. तिथला मृत्यूदर सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आला. तिथे पाजणारे हात घरच्या माणसांचेच होते.

दुकानात फळांच्या चवीचं तयार पाकीट मिळतं. ते देऊ का?

त्यातल्या बऱ्याच पेयांत साखर भरमसाट आणि क्षार कमी असतात. जास्त साखर आतड्यात आणखी पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी घातली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेलं, असं ज्यावर लिहिलंय तेच घ्या. ग्लुकोज पावडर, शहाळं, चहा, डबाबंद रस हे काहीही ओआरएसच्या जागी देऊ नका.

डॉक्टरांनी जुलाबासाठी झिंकची गोळी दिलीये, पण दोन दिवसांत जुलाब थांबले. आता बंद करू?

नको, चौदा दिवस पूर्ण करा. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज 10 मिलिग्रॅम, म्हणजे 20 च्या गोळीची अर्धी, आणि सहा महिन्यांनंतर पूर्ण 20 मिलिग्रॅम. गोळी चमच्यात ठेवून तुमचं दूध हातानं त्यावर काढा, ती लगेच विरघळते. आजाराचे दिवस तर कमी होतातच, पण पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यताही घटते.

मेडिकलवाल्यानं जुलाब बंद करायचं औषध दिलंय.

देऊ नका. मोठ्यांच्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या बाळाचं आतडं सुस्त करतात, घाण आतच राहते. अँटिबायोटिकही बहुतेक बाळांना लागत नाही, कारण आजार विषाणूंचा असतो. ते कधी लागतं हे डॉक्टर ठरवतील. गुटी आणि ग्राइप वॉटर या दिवसांत पूर्ण बंद.

मलाच उलट्या-जुलाब होताहेत. माझं बाळाला लागेल ना?

तुमच्या दुधातून नाही लागणार. हातांतून लागू शकतं. म्हणून शौचाहून आल्यावर, बाळाची शी काढल्यावर आणि बाळाला घ्यायच्या आधी साबणानं हात धुवा. या विषाणूंना सॅनिटायझर पुरत नाही, साबण आणि वाहतं पाणीच हवं. छाती दर वेळी साबणानं धुवायची गरज नाही, त्यानं बोंडशीला चिरा पडतात.

स्वतःसाठी ओआरएसचा तांब्या उशाशी ठेवा आणि आडव्या पडून पाजा. दूध एक-दोन दिवस थोडं कमी वाटेल, पाणी भरलं की पूर्ववत होतं. डॉक्टरांकडे गेलात की "मी पाजते" हे पहिलं वाक्य बोला, म्हणजे ते त्याप्रमाणे औषध देतील.

डॉक्टर म्हणाले, दूध पचत नाहीये, दुसरी पावडर द्या.

जुलाबात आतड्याचं अस्तर सोललं जातं. दुधातली साखर पचवणारा रस त्याच अस्तराच्या टोकांवर तयार होतो, म्हणून काही दिवस तो कमी पडतो. शी फेसाळ, आंबूस होते, बुड लाल होतं. हे खरं आहे. पण अस्तर काही दिवसांत पुन्हा उगवतं, आणि आईचं दूध त्याला मदतच करतं. अंगावर पिणाऱ्या बहुतेक बाळांना दूध तोडून पावडरवर नेण्याची गरज पडत नाही. डॉक्टरांना शांतपणे विचारा, "बाळाचं वजन ठीक आहे, लघवी होतेय, मग अंगावर पाजत राहून दोन दिवसांनी पुन्हा दाखवलं तर चालेल का?" जुलाब चौदा दिवसांच्या पुढे गेले आणि वजन घटू लागलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच पुढचं ठरवावं लागतं.

बाळ सात महिन्यांचं आहे, वरचं खातं. खायला काय द्यायचं?

मऊ खिमट, वर चमचाभर तूप. ताजं दही-भात, कुस्करलेलं केळं, मुगाची पातळ खिचडी. उपास घडवू नका. नुसतं डाळीचं वरचं पाणी किंवा भाताची पेज देऊ नका, त्यात पोट भरतं पण अंगी लागत नाही. चार चमचे खाल्लं तरी चालेल, तासाभरानं पुन्हा विचारा.

दात येताहेत म्हणून जुलाब होतात ना?

नाही. दात येतात त्याच वयात बाळ रांगायला लागतं आणि दिसेल ते तोंडात घालतं. जुलाब त्या घालण्यानं होतात.

बुड सोलवटलंय, पुसलं की किंचाळतं.

ओले वाइप्स बंद. कोमट पाण्याची धार सोडा, मऊ सुती कापडानं नुसतं टिपा, घासू नका. थोडा वेळ उघडं राहू द्या, मग खोबरेल तेलाचा किंवा झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर द्या. पावडर नको.

रोटाची लस तिन्ही वेळा दिली होती. तरी जुलाब झालेच कसे?

जुलाब करणारे जंतू अनेक आहेत, ही लस त्यातल्या रोटाव्हायरसपुरती आहे. ती सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला तोंडातून थेंबांनी किंवा द्रवरूपात देतात, सरकारी केंद्रांत फुकट. सरकारी लसीकरणात वापरल्या जाणाऱ्या दोन लसींपैकी एक आपल्या पुण्यात बनते. लस घेतलेल्या बाळाला रोटा झालाच तरी सहसा सलाइन लावायची वेळ येत नाही. तुमचं बाळ घरीच बरं होत असेल तर त्यात लसीचाही वाटा असू शकतो.

चार दिवस झाले, जुलाब थांबलेत. पण आता बाळ सारखं छातीलाच चिकटून असतं. दूध कमी पडतंय का?

कमी पडत नाहीये, ते गेलेलं वजन भरून काढतंय. जास्त चोखलं की दूधही जास्त येतं, त्यामुळे मागेल तेव्हा द्या. वरचं खाणारं असेल तर पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्या. तुम्ही ताटावर बसला असाल तर ताट जवळ ओढून घ्या, बाळाला मांडीवर घ्या आणि एका हातानं जेवा. दोघांनाही भूक लागलेली आहे.